परीक्षा होईपर्यंत

घरात ती धाकटी, म्हणून परदेशात गेल्यावरही फोनवर ती धाकटीच राहिली. वडील बाइंडर. शाळांची हजेरीबुकं, वाचनालयातली फाटकी पुस्तकं, कधी कुणाचा प्रबंध. पुठ्ठा, कापड आणि चिकटवायची लई यांत त्यांची चाळीस वर्षं गेली. त्या दुकानात पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसून अभ्यास केलेली मुलगी शिष्यवृत्ती मिळवून जुने कागद दुरुस्त करायला शिकायला निघाली, तेव्हा बाबा गिऱ्हाइकांना सांगत सुटले, "माझाच धंदा शिकायला चाललीय, फक्त विमानानं."

पहिल्या महिन्यात तिला लागलेले शोध अगदी बारीकसारीक होते. 'कशी आहेस?' हा तिकडे प्रश्न नसतो, त्यावर आपल्या सर्दीची हकिकत सांगायची नसते. आणि जेवताना 'नको' म्हटलं की ते खरंच नको धरतात, दुसऱ्यांदा कुणी आग्रह करत नाही. त्यापायी ती दोन घरांतून अर्धपोटी परत आली आणि तिसऱ्या घरी पहिल्याच झटक्याला 'हो' म्हणाली.

पण खरा धक्का दिला तो कार्यशाळेत तिच्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मुलीनं. चहाच्या सुट्टीत संत्रं सोलता सोलता ती म्हणाली की आपले वडील आता काही महिन्यांचेच सोबती आहेत, म्हणून यापुढे गुरुवारी आपण येणार नाही. एवढं बोलून तिनं दोन फोडी धाकटीपुढे केल्या. धाकटीला फोड घ्यावी की हात धरावा ते कळेना.

रविवारी तिनं हे बाबांना सांगितलं. बाबांनी आधी एकच विचारलं.

"त्या बापाला माहीत आहे का?"

"आहे की. दोघं मिळून त्यांचं कपाट आवरतात म्हणे."

"कठीण काळजाची माणसं," बाबा म्हणाले आणि त्यांनी विषय लईवर नेला. तो त्यांचा आवडता विषय. गव्हाचं सत्त्व शिजवून तीनदा गाळतात, त्यात मोरचूद घालत नाहीत, हे ऐकून ते म्हणाले की मग किडे पंगत मांडून जेवतील. आणि उद्या कुणाला सोडवावंसं वाटलं तर पाण्यानं सुटेल असंच चिकटवायचं, या नियमावर तर ते पंधरा दिवस हसत होते. सोडवायचंच असेल तर मुळात चिकटवायचं कशाला, असा त्यांचा सरळ सवाल. रविवारची वीस मिनिटं अशी जायची.

परीक्षेला दोन महिने उरले तेव्हा ही वीस मिनिटं पाचांवर आली. बाबांचा आवाज बसला होता. पुठ्ठ्याची धूळ घशात गेली असेल, असं घरी बाबांपाशी राहणारी ताई म्हणाली. ते पटण्यासारखं होतं. एका रविवारी बाबा नुसतं कुजबुजले, "लई पातळ ठेव. घाई करू नकोस." त्यानंतर ताईच फोन घेऊ लागली, डॉक्टरांनी आवाजाला विश्रांती सांगितलीय म्हणाली.

"ताई, खरं सांग."

"तुझी परीक्षा कधी आहे ते सांग आधी."

इथेच धाकटीला कळायला हवं होतं, कारण ही विद्या तिच्या घरचीच होती. ताईची दहावीची परीक्षा चालू असताना मामा अचानक गेला. आई आधीच गेलेली. या दोन पोरींचं आजोळ म्हणजे तो एकटा मामा. बाबा स्मशानातून आले, अंघोळ केली आणि ताईची भूमितीची प्रमेयं घ्यायला बसले. आठ वर्षांच्या धाकटीला दम दिलेला होता. ती पाच दिवस ताईच्या शेजारी बसून जेवली आणि मामा गावाला गेलाय म्हणून सांगत राहिली. शेवटचा पेपर देऊन ताई हसत घरी आली, तेव्हा बाबांनी तिला आधी पोटभर जेवू घातलं आणि मग सांगितलं. ताईला उत्तम गुण मिळाले. म्हणजे केलं ते बरोबरच, असं त्या घरात कायमचं ठरून गेलं.

हे सगळं ठाऊक असूनही धाकटी धुळीच्या गोष्टीवर विश्वास ठेवून राहिली. विश्वास ठेवणं सोयीचं होतं.

परीक्षा तीन दिवसांची. जुन्या शाईनं खाऊन चाळण झालेलं एक पान, परीक्षकांच्या डोळ्यांदेखत धुवायचं, सांधायचं, वजनाखाली वाळवायचं. शेजारचं टेबल तिन्ही दिवस रिकामं होतं. बिचारीचं वर्ष गेलं, असं धाकटीच्या मनात आलं. तिसऱ्या दिवशी दुपारी पान अखंड निघालं. परीक्षकांपैकी एकानं ते उजेडासमोर धरलं आणि मान डोलावली. धाकटीनं जिन्यातूनच घरी फोन लावला.

"ताई, झाली. छान झाली."

"जेवलीस का?" ताईनं विचारलं.

"नाही अजून. बाबांना दे ना."

"तू आधी जेवून घे गं."

धाकटी पायरीवर खाली बसली. जेवायला सांगणारा हा आवाज तिनं लहानपणी ऐकला होता. "कधी?" एवढंच तिनं विचारलं.

नऊ दिवस झाले होते. घशात गाठ होती. शस्त्रक्रिया झाली, वाचा गेली, मग ताप चढला तो उतरलाच नाही. बोलता येत नव्हतं तेव्हा बाबांनी जुन्या हजेरीबुकातल्या कोऱ्या पानावर लिहून ताईसमोर धरलं होतं: परीक्षा होईपर्यंत नाही. ताईनं मान हलवेपर्यंत त्यांनी ते खाली ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रजा मागायला ती शिकवणाऱ्या बाईंकडे गेली. बाईंनी तिला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि अगदी हळू विचारलं, "मग आधी का नाही आलीस? अर्ध्या पानाचा अर्ज असतो. परीक्षा दोन महिन्यांनी घेतली असती." शिष्यवृत्तीलाही धक्का लागला नसता. शेजारच्या मुलीनं तेच केलं होतं. तिचं वर्षबिर्ष काही गेलं नव्हतं, ती वडिलांच्या उशाशी बसली होती. आपल्याला घरून कळवलंच नाही, हे धाकटीनं दोनदा सांगून पाहिलं. बाईंना शब्द समजले, पण असं कुणी का करेल ते काही समजेना.

विमानात तिनं एकच वाक्य घोळवलं. अर्ध्या पानाचा अर्ज होता, ताई. तू एक फोन केला असतास तर मी सहा आठवडे त्यांच्यापाशी असते. ते वाक्य ताईच्या तोंडावर टाकायचं, एवढंच तिला घरी जाऊन करायचं होतं.

ताई दुकानात भेटली. शाळेची हजेरीबुकं अर्धवट शिवून पडली होती आणि ताई ती पुरी करायला बसली होती. तिला शिवण कधी नीट जमली नव्हती. दोऱ्यानं बोटं कापली होती. हाडं निघालेली, केस न विंचरलेले. तिनं उठून धाकटीला जवळ घेतलं नाही. सुईत दोरा ओवत, वर न बघता ती बोलू लागली. बाबा झोपले की मी रोज फोन हातात घ्यायचे, म्हणाली. दोनदा नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. शेवटच्या दिवशी ते दाराकडे बघत होते.

दोरा सुईत जाईना. ताईनं हात खाली ठेवले.

"तेव्हा सांगितलं असतं, तर तुझं वर्ष बुडालं असतं ना गं?"

धाकटीनं तिच्या बोटांकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "बुडालं असतं."

"आणि शिष्यवृत्ती?"

"तीसुद्धा गेली असती."

"मग ठीक आहे," ताई म्हणाली. तिनं पदरानं डोळे पुसले. मग तिनं विचारलं, "निकाल कधी लागतो?"

"महिन्याभरात," धाकटी म्हणाली, आणि तिच्या हातातली सुई घेऊन दोरा ओवू लागली.