विमलच्या कॉम्प्युटरशेजारचं स्टूल

"घरी आलो की बसूया. फौंड्रीच्या कामात कुठंतरी अडकलंय. तुमची शंका लागणार हाय."

दवाखान्यातल्या खाटेवर पडून माझी बायको विमल माझ्याशी हे शेवटचं बोलली. नाकात नळी, हाताला सुई, आणि बाईच्या डोक्यात शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचा प्रोग्राम. मी म्हटलं, "आधी बरी हो, मग माझं डोकं खा." ती हसली. डॉक्टर म्हणाला होता, लवकरच सोडू. मला तेव्हाच संशय आला होता, कारण तो माझ्याकडं न बघता फायलीकडं बघून बोलत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डब्यात पेज घेऊन गेलो, तर जिन्यातच नर्सनं माझ्या हातातला डबा घेतला. पेशंटच्या माणसाचा डबा नर्स कधी हातात घेत नाही. तिनं तोंड उघडायच्या आधीच मला कळलं...

मी संशयी माणूस आहे, हे शिवाजी पेठेत कुणालाही विचारा. सातवीत शाळा सुटली आणि उभा जन्म फौंड्रीत मोल्डर म्हणून गेला. वाळूत साचा करायचा आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, हे माझं काम. वाळू जरा ओली राहिली तर लोखंड उसळून अंगावर येतं. तिथं विश्वास ठेवणारा माणूस भाजून निघतो. ती सवय घरीही आली. दूधवाल्याचं माप, रिक्षाचं मीटर, फुकट वाटलेला प्रसाद, सगळ्यावर माझा संशय. फक्त विमलवर कधी नव्हता. पण तिच्या दिवसकार्याला माझा जुना जोडीदार बाबूराव माझं सांत्वन करायला म्हणून बोलून गेला, "वैनी लई हुशार गा. रिटायर झाल्यावर तुला रिकामा बसू दिला न्हाई. शेजारी स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, काढा शंका. न्हाईतर कॉम्प्युटरमधलं तुला काय कळतंय?" तो जेवून गेला. त्याचं बोलणं मात्र माझ्या घशात अडकलं. इतकी वर्षं ती प्रोग्राम लिहायची आणि मी शेजारी बसून शंका काढायचो, ते तिला खरंच लागत होतं, का म्हाताऱ्याला गुंतवून ठेवायचा तो उद्योग होता? जिला विचारायचं ती राहिली नाही. म्हणून पहिल्यापासून सगळं आठवून बघतोय. पोलीस बघतात तसं.

लग्न झालं तेव्हा विमल पेठेतल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायची. खडखड खडखड, दिवसभर. संध्याकाळी जेवताना तिची बोटं ताटाच्या कडेवर चालायची. मग टायपिंगचे दिवस गेले. मालकानं यंत्रं भंगारात घातली आणि कॉम्प्युटर आणले. मांडून ठेवले, हार घातला, आणि पुढं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. विमल सुट्टीच्या दिवशी जाऊन त्यांच्यापुढं बसायला लागली. मी एकदा मुद्दाम बघायला गेलो. बाई एकटी, काळ्या पडद्यापुढं, डोळे बारीक करून. "काय करत्यास?" "हे काय केल्यावर काय हुतंय ते बघतोय." "मोडलं तर?" "मोडल्याशिवाय कसं कळंल आत काय हाय ते?" मालकाची वस्तू मोडून शिकायची! मला घाम फुटला. ती निवांत.

तिला कुणी शिकवलं असं नाही. कॉलेज तिनं बाहेरून बघितलेलं. इंग्रजी टाइप करायला यायचं, पण त्याचा अर्थ लागायचा नाही. आधी बोटांना आलं आणि मग डोक्याला, असं ती स्वतःच म्हणायची. तिचा पहिला प्रोग्राम होता पेठेतल्याच एका भांडी भाड्यानं देणाऱ्याचा. कोणत्या लग्नाला किती कढया गेल्या, किती झारे परत आले. तो माणूस मला गाठून म्हणाला, "मिस्त्री, वैनीनी काय करून ठेवलंय बघा, आता मला पाव्हण्यांशी भांडायला कारणच उरलं न्हाई." मला वाटलं तक्रार करतोय. तो खूश होता. त्याच्यामुळं एक शाळा आली, रक्त तपासणारी एक लॅब आली, आणि आमच्या घरातल्या खिडकीपाशी तिचा स्वतःचा कॉम्प्युटर आला.

मधे एका मोठ्या कंपनीनं तिला पुण्याला भेटायला बोलावलं. मी सोबत गेलतो, बाहेर बाकावर बसलो. ती आत गेली आणि लगेच बाहेर आली. मी विचारलं, "झालं?" म्हणाली, "डिग्री कुठाय म्हणाले. मी म्हटलं, केलेलं काम दाखवू का? तर म्हणाले, आधी डिग्री." स्टँडवर वडा खाताना म्हणाली, "तुमाला मोल्डिंगची डिग्री कुणी दिली?" मी शर्टाची बाही वर केली आणि कोपराजवळचा भाजल्याचा डाग दाखवला. ती इतकी हसली की बाजूची माणसं बघायला लागली. पुढं दुसऱ्या एका कंपनीनं घरबसल्या काम दिलं. त्यांनी डिग्री विचारली नाही. तिच्या निम्म्या वयाची पोरं पडद्यावरनं तिला विमलताई म्हणायला लागली. मला ती पोरं जरा गोडच वाटायची. गोड बोलणाऱ्याचं काहीतरी काम अडलेलं असतं.

आणि एक होता परदेशातला. ती अडली की इंटरनेटवर प्रश्न टाकायची आणि कुठनंतरी, समुद्रापलीकडनं, हा माणूस उत्तर लिहून पाठवायचा. फुकट. मी म्हटलं, "ह्याचं पोट कशावर चालतं ते विचार." "अहो, असतात अशी माणसं." "आपल्या गल्लीत एक दाखव." शेवटी माझ्या कटकटीला कंटाळून तिनं त्याला व्हिडिओवर बोलावलं आणि मला पुढं बसवलं. समोर एक टकला, बनियनवर बसलेला, माझ्याएवढाच म्हातारा. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या मागनं त्याची बायको डोकावली आणि तिच्या तोंडावर नेमका माझ्यासारखाच संशय! विमलनं तोंडाला पदर लावला. तिथनं पुढं मी त्या माणसाचं नाव काढलं नाही.

मी रिटायर झालो आणि घरी बसलो. मूलबाळ नाही. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर पोरांच्या फुटबॉलला शिव्या. एक दिवस विमल खिडकीपाशी बसून डोकं धरून होती. मागं न बघता तिनं पायानं टेबलाखालचं लोखंडी स्टूल बाहेर ओढलं. शहाबादी फरशीवर खर्रर्र झालं. "अहो, बसा हितं. मी सांगतो ते ऐका आणि शंका काढा." मी म्हटलं, "मला काय कळतंय?" "न्हाई कळत म्हणूनच बसा." मग तिनं ओळ ओळ करून आपल्या भाषेत सांगायला सुरुवात केली. अमकं आलं की तमक्याकडं जायचं, तमक्यानं हो म्हटलं की पुढं. मी विचारलं, "तमका खोटं बोलला तर?" ती म्हणाली, "खोटं कसं बोलंल, त्याला तर..." आणि तिथंच थांबली. बोट पडद्यावर. चष्मा वर. "थांबा हं." मग बोटं चालायला लागली. मी विचारलं, "माझं बरोबर होतं?" म्हणाली, "तुमच्या शंकेचा संबंधच न्हाई. पण सांगता सांगता दिसलं."

तिथनं पुढं हे रोजचंच झालं. स्टुलाचा खर्रर्र झाला की मी हातातलं टाकून जायचो. पंधरवड्यातच तिनं त्या स्टुलासाठी जाड गादी शिवली, जुन्या सतरंजीची. आता मी ती गादी हातात घेऊन बघतो. नुसता गुंतवून ठेवायचा असता तर इतकी जाड कशाला शिवली असती? पण बाबूराव म्हणेल, गुंतवूनच ठेवायचा होता म्हणून जाड शिवली...

फौंड्रीचं काम तिचं शेवटचं. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना, तो वाळूत दाबूनच साचा होतो. एकेका फौंड्रीत असे ढीगभर नमुने पडलेले असतात. कोणता कुठल्या मांडणीवर आहे, कोणता सुताराकडं दुरुस्तीला गेलाय, हे सगळं दाखवणारा प्रोग्राम तिनं लिहिला. तो चालायचा, पण मधेच कधीतरी गेलेला नमुना स्टोअरमध्येच आहे असं दाखवायचा. ते शोधायचं राहिलं, आणि ती गेली.

महिना झाला असेल. एक पोरगी दारात. सायली नाव, मूळची गगनबावड्याची, त्या फौंड्रीच्या ऑफिसात कामाला. "आण्णा, कॉम्प्युटरमधला प्रोग्राम न्यायला आलोय. साहेबांनी सांगितलंय, आता तू बघ." मी दारातनं हललो नाही. "तू इंजिनियर?" "न्हाई. बारावी. मोबाइलवर बघून शिकलो. आमच्याकडं पावसात लाइट जाती, तेवढ्यात चार्ज असंल तेवढं बघायचं." मला हे जरा जास्तच जुळलेलं वाटलं. माणसाला काय ऐकायला आवडेल ते काढून आलेली पोरं मी बघितलेली आहेत. "विमलनं तुझं नाव माझ्यापुढं कधी काढलं न्हाई." पोरगी म्हणाली, "तुमचं लई काढायच्या. फोनवर अडलो की म्हणायच्या, थांब, आमच्या स्टूलवाल्या साहेबांना बसवतो आणि बघतो."

मला राग आला, का काय आलं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "हितनं काही हलणार न्हाई. तुला पाहिजे तर हितं बस, आणि प्रोग्राममध्ये काय लिहिलंय ते मला वाचून सांग. आणि त्यात खाली विमलचं नाव हाय, ते पुसायचं न्हाई." तिला मी वेडा वाटलो असणार. पण बसली. विमलच्या खुर्चीत. मी स्टूल ओढलं आणि त्या जाड गादीवर बसलो. प्रोग्राम अडलेला होता, पोरगी नवखी होती, आणि माझी शंका खरंच कुणाला लागते का नाही ते आज कळणार होतं.

पोरगी वाचायला लागली. "नमुना बाहेर गेला की हितं खूण पडती. परत आला की खूण निघती." "परत आला असं कोण म्हणतंय?" "स्टोअरवाला. तो बटण दाबतो." "बघून दाबतो, का चहाला जायची घाई म्हणून दाबतो?" "आण्णा, ते प्रोग्राममध्ये कसं कळंल! त्यानं दाबलं की खूण निघाली. मग सुताराकडचा निरोप आला तरी..." आणि ती थांबली. बोट पडद्यावर. "थांबा हं."

घरात आवाज नव्हता. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती, तेवढीच. ती वर गेली, खाली आली, पुटपुटली. मग माझ्याकडं वळून हसली. "घावलं. सुतार आणि स्टोअर, दोघांची खूण एकाच जागी पडत होती. एकाची पुसली की दुसऱ्याचीपण जायाची." मी विचारलं, "मी म्हटलं तेच?" "न्हाई ओ. तुम्ही विचारलं त्याचं काय न्हाई. पण सांगता सांगता दिसलं."

मी उठून आत गेलो आणि तोंड धुतलं. बरंच पाणी मारलं.

पण मी मी आहे. तोंड पुसता पुसता संशय आलाच. हिला स्टूलवाला साहेब माहीत होता. म्हणजे विमलनं हिला सगळं सांगितलं असणार. कसं थांबायचं, काय म्हणायचं. म्हातारा एकटा पडेल, त्याला बसव, म्हणाव लागते तुमची शंका... विमल तेवढी हुशार होती, बाबूराव खोटं सांगत नाही. बाहेर येऊन मी पोरीला सरळ विचारलं, "तुला हे असं करायला विमलनं शिकवलंय का?" ती म्हणाली, "काय असं?" तिच्या तोंडाकडं मी बराच वेळ बघितलं. फौंड्रीत वाळू मुठीत दाबली की कळायचं, ओली आहे का कोरडी. माणसाला तसं दाबून बघता येत नाही.

आता ती रविवारी येते. कॉम्प्युटर इथंच आहे. हा लेखही मी बोललो आणि तिनं टाइप केला. पडद्यावरची बारीक अक्षरं मला दिसत नाहीत, म्हणून मी सांगितलं तेच लिहिलंय का, ते मी बाबूरावच्या नातीकडनं वाचून घेणार आहे. मागच्या रविवारी मी आत चहा टाकत होतो. उकळी यायची होती. आणि बाहेर खर्रर्र झालं. मी तिला कधी सांगितलं नव्हतं की विमल पायानं स्टूल ओढायची. का विमलनं सांगितलं होतं? का खुर्चीत बसलेल्या कुणाचाही पाय तिथंच पोचतो? "आण्णा, बसा की हितं. अडलंय." गरजेनं बोलावतात का दयेनं, ते फरशीवरच्या आवाजावरनं कळत नाही. मी गॅस बंद केला. चहा झाला नव्हता. तसाच गेलो.