तव्यावर तडतडलेलं तेल

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. वेलांटी पहिली की दुसरी हे मी अजून अंदाजानंच ठरवते आणि माझी ओळ घसरत घसरत खाली जाते. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर तेवढं चालवून घ्यावं. बोलणंही मला जमत नाही. लग्नात उखाणा घ्यायला लावला तेव्हा दोनदा विसरले आणि शेवटी नुसतंच नाव पुटपुटले. पण ही एक गोष्ट लिहून ठेवावी असं बरेच दिवस मनात आहे.

मंगळवार पेठेत आमच्या घरापुढं पत्र्याची शेड होती. तिथं आमचे मालक फ्रीज आणि पाण्याचे कूलर दुरुस्त करायचे. गाडीतला एसी दुरुस्त करणारं तेव्हा गावात कुणी नव्हतं, कारण एसीवाल्या गाड्याच चार-दोन होत्या. ह्यांना ते काम शिकायची फार हौस. पुण्यात पार्टचं दुकान असलेल्या एका माणसाकडं पंधरा दिवस राहून ते शिकून आले. त्या माणसानं शिकवायचे पैसे घेतले नाहीत, उलट येताना गॅस भरायचं गेज उधार दिलं.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते गुजरीतले एक सराफ. त्यांच्या आईला छातीच्या गाठीसाठी मिरजेच्या दवाखान्यात किरणांचे शेक द्यायचे ठरले होते. आठवड्याचे पाच दिवस जायचं, यायचं. शेकानं कातडी भाजल्यासारखी होते, त्यात पुढं चैत्राचं ऊन आणि रस्त्याची धूळ. म्हणून त्यांना अँबेसिडरमधला बंद पडलेला एसी चालू करून हवा होता.

ह्यांनी गेज जोडलं. त्याला दोन घड्याळं असतात. इंजिन चालू केल्यावर एक काटा वर आणि एक खाली जायला पाहिजे. दोन्ही काटे जागचे हलेनात.

"फिरतोय, पण गॅस दाबत न्हाय," हे म्हणाले. "कॉम्प्रेसर गेलाय."

नवा पुण्याहून मागवला. तो येईपर्यंत पाडवा जवळ आला, म्हणून मी शेड झाडून घेतली. फळीवर पुण्याहून आणलेल्या कॉम्प्रेसरच्या तेलाचा एक चौकोनी डबा होता, निम्मा रिकामा. डबा छान होता. मला मोगरा लावायला तसाच हवा होता. मी आतलं तेल सरबताच्या एका काचेच्या बाटलीत ओतलं. बाटली सकाळीच धुतली होती. उपडी ठेवली होती, पण पुरती वाळली नव्हती. दोन-चार थेंबांनी काय होतंय, असं वाटलं. डब्याला खिळ्यानं भोकं पाडली आणि मोगरा लावला.

नवा कॉम्प्रेसर आला. ह्यांनी बसवला. "तेल कुठाय गं?" म्हणून विचारलं, मी बाटली दाखवली. "बरं केलंस, दिसतंय तरी किती हाय ते," म्हणाले आणि मापानं ओतलं. गॅस भरल्यावर नळ्यांचे जोड तपासायला साबणाचा फेस मीच करून दिला. कुठंही बुडबुडा आला नाही. आतून गार वारा आला तेव्हा सराफांच्या आईंनी जाळीला हात लावला आणि म्हणाल्या, "काश्मीरला न जाता काश्मीर दावलंस की रं!"

आठवडाभर ठीक चाललं. मग तक्रार आली. हातकणंगल्याच्या पुढं गेलं की गार वारा बंद. गाडी अर्धा तास झाडाखाली थांबवली की परत चालू. हे दोनदा गाडीतून जाऊन आले, तरी कळेना. दुसऱ्या आठवड्यात ड्रायव्हरनं गाडी आणली ती जळक्या रबराच्या वासासकट. कॉम्प्रेसर जाम झाला होता आणि पट्टा त्याच्यावर घासून जळाला होता.

ह्यांनी तो खोलला, आतलं तेल वाटीत काढलं. काळं आणि थोडं दुधाळ. बोटांत चोळून बघितलं.

"एक जुना तवा आण. आणि स्टो पेटव."

मी तवा तापवला. ह्यांनी काडीनं तेलाचा एक थेंब टाकला.

तडतडलं.

हा आवाज मला कुणी सांगायला नको होता. ओला हात कढईवर झटकला तरी तो येतो. मी त्या सरबताच्या बाटलीकडं बघितलं.

"पाणी हाय तेलात," हे म्हणाले. "म्हणून बंद पडतोय. पाण्याचा बर्फ होतोय आणि बारक्या भोकात अडकतोय. थांबलं की वितळतंय. तेल फिरंना म्हणून हा बी जळाला." मग एकदम भडकले. "पुण्याच्या त्या माणसानं पाणी पडलेलं तेल गळ्यात मारलं! शिकवायचं फुकट आणि माल असला!"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात ते ओरडणं ऐकून सराफ आत आले. आईचे अजून पंधरा शेक राहिले होते. आदल्या दिवशी काचा उघड्या ठेवून नेलं तर धूळ बसून शेकाची जखम चिघळली होती आणि आता त्या जायलाच तयार नव्हत्या. सराफांनी ह्यांच्या हातात नोटा ठेवल्या. "आधी दुसरा कॉम्प्रेसर आण. पैसे त्या पुण्याच्या पावण्याकडनं वसूल कर आणि मला परत दे."

"सोडतोय व्हय त्याला! भर दुकानात चार गिऱ्हाइकांपुढं काढतो त्याची," हे म्हणाले.

पहाटेची एसटी होती. मी भाकरी थापत होते आणि मनात वाक्य जुळवत होते. हे अंघोळीला गेले, आले, कपडे घातले, चहा प्याले. वाक्य काही बाहेर येईना. शेवटी पोरीच्या वहीचं पान फाडलं. शाळा सुटल्यापासून मी सहीपलीकडं काही लिहिलं नव्हतं. लिहिलं ते असं:

"तेलात पाणी माझ्यामुळं गेलं. डबा मोगऱ्याला पाहिजे होता म्हणून बाटलीत ओतलं. बाटली ओली होती. पुण्याच्या माणसाला काही बोलू नका."

भाकरीच्या फडक्यात घडी ठेवली. एसटी कराडला थांबते, तिथं हे भाकरी खातात, हे मला ठाऊक होतं.

ते दोन दिवस कसे गेले ते मी लिहीत नाही. मोगऱ्याला पाणी घालायला जायचे आणि न घालताच परत यायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे आले. खोकं खाली ठेवलं. त्याच्याशेजारी तेलाचा नवा सीलबंद डबा ठेवला.

"तोंडानं सांगायला काय झालतं?"

मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"कराडात भाकरी सोडली आणि घास तिथंच राहिला. आधी वाटलं, तसंच माघारी यावं आणि तुला चांगलं फैलावर घ्यावं. मग साताऱ्यापर्यंत इचार केला. बाटलीतलं तेल ओतणारा कोण? मीच की. सीलच्या डब्यातलं घ्यायचं, हवासुद्धा लागू द्यायची न्हाय, हे मला शिकवलंतं. आणि गॅसच्या आधी हवा ओढून काढायचा व्हॅक्यूम पंप भाड्याचा म्हणून अर्ध्या तासात बंद केला मी. तासभर चालवला असता तर बरंचसं पाणी निघालं असतं."

"त्यांना काय बोललासा?" मी विचारलं.

"काय बोलणार? झालं ते सांगितलं. लई हसला. म्हणाला, वहिनींना सांगा, डबा पायजे असला तर रिकामा पाठवून देतो."

पुण्याच्या माणसाकडून वसूल करायचं काही राहिलं नव्हतं, म्हणजे सराफांचे पैसे आता आमच्यावर आले. हे त्याच संध्याकाळी गुजरीत जाऊन सरळ सांगून आले, की चूक आमच्या घरातली आहे, हप्त्यानं फेडतो. मग कामाला लागले. सगळ्या नळ्या गॅसनं फुंकून साफ केल्या, ओल शोषणारी ड्रायरची बाटली नवी घातली, कॉम्प्रेसर बसवला, सीलच्या डब्यातलं तेल मापून घातलं. पंप दोन तास चालवला. मी फेस केला. ह्या वेळी ब्रशसुद्धा माझ्याच हातात दिला. "तुझी नजर बारीक हाय. बघ जोड." एका जोडाला मोहरीएवढा बुडबुडा आला. मी बोट दाखवलं, ह्यांनी नट आवळला.

सराफांच्या आईंचे उरलेले शेक पुरे झाले. गाडी पुन्हा कुठं थांबली नाही.

फेडायला वर्ष लागलं. वर्षाची लाल चटणी करायचा सीझन चालूच होता. सराफांच्या आईंनी ओळखीची घरं सांगितली आणि मी लोकांच्या चटणीचा मसाला भाजून द्यायला लागले. मिरच्या गिरणीतल्या डंकावर कुटून आणायच्या, कांदा-लसूण घालून बरणी भरून द्यायची. निम्मे हप्ते त्यातले होते.

शेवटचा हप्ता द्यायच्या दिवशी हे इचलकरंजीला कामावर होते. मी एकटी गेले. तोवर गुजरीत मी कधी एकटी गेले नव्हते. सराफांनी नोटा बघितल्या आणि परत सरकवल्या.

"ऱ्हाऊ द्या वहिनी. एवढा सोडला. आईसाठी लई केलंसा तुम्ही."

एरवी मी मान हलवून परत आले असते.

"न्हाय," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच आला. शेजारच्या गिऱ्हाईकानं वळून बघितलं. "सगळं फेडतो म्हणून सांगितलंय. मोजून घ्या."

आतल्या गादीवर त्यांच्या आई बसल्या होत्या. डोक्यावर पदर, हातात पानाचा डबा, अंगानं चांगल्या भरलेल्या दिसत होत्या.

"घे रं मोजून," त्या म्हणाल्या. "वरीसभर ही बया माझ्याफुडं हूं का चूं करीत न्हवती. आज बोललीय तर ऐक की."

सराफांनी बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्या, वही काढली आणि आमच्या पानावर आडवी रेघ मारली. बाकी काही राहिलं नव्हतं.