हौसा गावडेचा कागद

नजर, उतारा, करणी... यातलं मी काहीच मानत नाही. रस्त्यातलं लिंबू खुशाल ओलांडून जाणारी बाई मी! तरी हे लिहितेय, कारण आभार मानायचेत — आणि कुणाचे, तेच कळत नाही.

कोल्हापुरातल्या एका हॉस्पिटलात मी रेकॉर्ड विभागात आहे. वेगवेगळ्या दवाखान्यांतले पेशंटचे जुने कागद शोधून एका नंबराखाली जोडायचे, हे माझं काम. चंदगडकडच्या एका बंद पडलेल्या दवाखान्याची रजिस्टरंही स्कॅन होऊन आमच्याकडे आली होती.

गेल्या वर्षी माझ्या सासूबाई, सुमन, आमच्याकडेच ॲडमिट झाल्या. पित्ताशयात पू, आणि ताप इतका की माणसं ओळखेनात. डॉक्टरांनी विचारलं, "कुठल्या औषधाची ॲलर्जी?" मिस्टरांना काही माहीत नव्हतं. मी सासूबाईंचं नाव टाकून सगळीकडे शोधलं... काही नाही. गावाचे कागद जोडणारी मी, आणि घरच्या माणसाचाच कागद मिळेना!

दुपारी अडीचच्या सुमाराला काउंटरवर एक म्हातारी आली. डोक्यावर पदर, अनवाणी.

"आमच्या हौसाचा कागद बघ की बाई. हौसा गावडे. पयल्या बाळंतपणाला माहेरी आलती."

"मावशी, माझी सासू आत सिरीयस आहे. नंतर या."

"नंतर न्हाय. आत्ता बघ!"

कटकट नको म्हणून नाव टाकलं. चंदगडचं रजिस्टर उघडलं. पतीच्या रकान्यात माझ्या सासऱ्यांचं पूर्ण नाव! बाळाची जन्मतारीख माझ्या नवऱ्याची. खाली लाल शाईत — पेनिसिलिनने श्वास कोंडला, पुन्हा देऊ नये.

मी वॉर्डात पळत गेले. सिस्टरांनी त्याच गटातलं इंजेक्शन भरलं होतं. त्यांचा हातच धरला. डॉक्टरांनी औषध बदललं.

परत आले तर म्हातारी नव्हती. वॉचमनने अशी कुणी बाई आत येताना पाहिलीच नव्हती.

चार दिवसांनी सासूबाई नीट बोलू लागल्या. हौसा त्याच. लग्नात नाव बदललं, पण पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेल्या तेव्हा तिथल्या लोकांनी जुनंच नाव लिहिलं होतं. "त्या नावानं हाक मारणारं आता कोण बी ऱ्हायलं न्हाय गं," म्हणाल्या. मी म्हातारीचं वर्णन केलं. त्या एकदम खडसावून म्हणाल्या, "बसायला तरी दिलतंस का तिला?"

नव्हतं दिलं.

ती कोण, हे मला आजही सांगता येत नाही, आणि सासूबाईही सांगत नाहीत. पण मावशी, माझं माणूस तुमच्यामुळे घरी आहे. तेवढं माझं चुकलं... पोटात घाला.