विजयमालाचं पब्लिक

माझ्या नाटकाचा खेळ असला की एके काळी युसूफ वडगावला चार गावच्या बैलगाड्या यायच्या. आज त्याच गावात विजयमालाच्या पत्र्याच्या दुकानापुढच्या बाकड्यावर जागा मिळत नाही. आईबापाबरोबर ऊसतोडीच्या फडावर वाढलेली, वसतिगृहात शिकलेली ही पोरगी कॉम्प्युटर दुरुस्त करते. खरं सांगतो, मला तिचा मत्सर वाटतो.

आमच्या नाटक मंडळीच्या कॅसेटी केव्हाच गेल्या. त्यातली गाणी तेवढी माझ्या कॉम्प्युटरमध्ये उरली होती. खेळ संपला की मेन खटका पाडायचा, ही आमची स्टेजवरची सवय. कॉम्प्युटरही मी रोज तसाच, थेट वीज तोडून बंद करायचो. एके दिवशी तो सुरूच होईना. तालुक्याच्या गावचा, केजचा कारागीर म्हणाला, "समदं पुसून नवं टाकावं लागंल." त्या समद्यात माझा आवाजही आला.

विजयमालानं आधी विचारलं, "मास्तर, आत काय काय हाय?" सांगितलेलं सगळं वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाली, "गाणी शाबूत असतील. मशीन ज्याच्यावर चालती, त्या फायली बिघडल्यात. तपासून तेवढ्याच दुरुस्त करू."

पेन ड्राइव्ह लावून तिनं मशीन जागी केली आणि काळ्या पडद्यावर तपासणीची एक ओळ टाइप केली. टक्क्यांचा आकडा चढू लागला. बाजाराचा दिवस, बाकडं गच्च भरलेलं. अठ्ठेचाळीसवर आकडा थबकला. पाच मिनिटं गेली. इतकं शांत पब्लिक मला उभ्या हयातीत मिळालं नाही, आणि ही तर तोंडसुद्धा उघडत नव्हती! मला राहवेना. उठलो आणि खड्या आवाजात एक जुना संवाद सुरू केला.

"मास्तर, गप बसा की! आता हलंल आकडा," भाजी घेऊन आलेली दगडाबाई खेकसली.

"बंद पडलंय ते. खटका पाड," मी फणकारलो.

"पुन्हा खटका?" विजयमाला हसली. "त्यानंच तर वाटुळं झालंय. हात न्हाई लावायचा."

शंभर झाले. बिघडलेल्या फायली सापडल्या, दुरुस्तही झाल्या. मशीन सुरू झाली, तिनं एक गाणं लावलं आणि माझा तिशीतला आवाज दुकानात घुमला. डोळे भरून आले. मी टाळीची वाट पाहिली.

"बराबर हाय," म्हणत तिनं शेजारच्या आप्पा दुकानदाराची मशीन पुढं ओढली. सगळं बाकडं तिकडं वळलं.

"पुरं ऐक की गं!"

"चालू ठिवा की, मास्तर. ऐकते मी."

तिनं पुन्हा तीच ओळ टाइप केली. पब्लिक चिडीचूप.

जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्याचा रंगलेला प्रवेश मोडणं माझ्यानं होईना. मी माझ्याच गाण्याचा आवाज बारीक केला.