कळलावी आत्या आणि काळा पाइप

आत्याचं शिवणाचं दुकान बंद पडलं ते चोरखिशांमुळे. शाळेच्या गणवेशांचं काम वर्षानुवर्षं तिच्याकडे होतं, आणि प्रत्येक चड्डीला, प्रत्येक फ्रॉकला ती आतून एक चोरखिसा लावायची. आईबापांना पत्ता नाही, मुलांना मात्र जागा पाठ. एकदा प्रार्थनेच्या वेळी एकाच्या चोरखिशातून बेडकाचं पिल्लू उडी मारून मुख्याध्यापिकाबाईंच्या पायावर बसलं. पुढच्या वर्षापासून गणवेश तयार कपड्यांच्या दुकानातून यायला लागले.

"तुझा आगाऊपणा नडला," माझे बाबा म्हणाले.

"बेडूक मी नव्हता शिवला," आत्या म्हणाली.

बाबा तिचे धाकटे भाऊ. त्यांचं गॅरेज आमच्या घराला लागूनच. आत्याने लग्न केलं नव्हतं, ती आमच्याकडेच राहायची. दुकान गेल्यावर तिचे हात मोकळे झाले आणि आमच्या नाकी नऊ आले. मिठाच्या बरणीत साखर, बाबांच्या चपला वेगवेगळ्या मापाच्या, असले उद्योग रोजचे. बाबा तिला कळलावी म्हणायचे. एखाद्याने पदवी मिरवावी तशी ती ते मिरवायची.

त्याच सुमारास बाबांकडे टर्बोच्या गाड्या जास्त यायला लागल्या. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो बाहेरची हवा ओढतो आणि इंजिनात ठासून भरतो. हवा ज्या पाइपातून टर्बोपर्यंत येते तो पाइप बहुतेक गाड्यांना रबराचा नाहीतर प्लॅस्टिकचा असतो. रबर जुनं झालं, तापून मऊ पडलं, की टर्बोच्या ओढीने आत चेपतं. धातूचा बसवावा तर तो तापतो आणि आतली हवाही तापवतो. कार्बन फायबरचा पाइप हलका, कडक आणि लवकर न तापणारा. शिवाय दिसायला काळाभोर, चटईसारख्या विणीचा. लोकांना खरं तर तेवढंच हवं असायचं. "पाइपाने ताकद वाढते ती नावापुरती," असं बाबा प्रत्येकाला सांगायचे, आणि प्रत्येक जण मान डोलावून पाइपच मागायचा.

बाहेरून मागवलेले पाइप बसायचे नाहीत. म्हणून बाबांनी स्वतः करायला घेतले. साचा जमला, पण कापड जमेना. कार्बनचं कापड वळणावर चुणी धरायचं, कडेने धागे सुटायचे. बाबा राळेने, म्हणजे कापड कडक करणाऱ्या चिकट रसायनाने, बरबटलेले हात हवेत धरून कापडाला शिव्या देत होते, तेव्हा आत्या जेवायला बोलवायला आली.

"सरळ कापतोयस म्हणून रुसलंय ते," ती म्हणाली. "उरेब काप. कॉलर वळते ना गळ्याभोवती? तसं हे वळेल."

"ताई, हा गाडीचा पाइप आहे, कॉलर नव्हे."

"गाडीला गळा नसतो होय?"

बाबांनी कात्री तिच्या हातात दिली ती वैतागून. परत मागितली नाही ती कायमचीच. आत्याने तिरप्या पट्ट्या कापल्या, साच्याच्या दोन्ही अर्ध्या भागांत राळ लावून एकेक थर बसवला, मधे सायकलची ट्यूब घातली, साचा मिटला आणि ट्यूब फुगवली. आतून दाबलं गेलेलं कापड साच्याला घट्ट चिकटलं. एका बंद पडलेल्या बेकरीची भट्टी बाबांनी आणून ठेवली होती, तिच्यात मंद आचेवर भाजून पाइप निघाला तो एकही चुणी नसलेला. बाबा तो उलटसुलट करून बघत राहिले. आत्या मात्र जेवायला निघून गेली, आणि बाबांच्या वाटणीची भाजीही तिने संपवली.

तिथून ती मागच्या खोलीतली कारागीर झाली. तोंडाला मुखपट्टी, हातात मोजे, डोक्याला फडकं. "हे बाहेरच्या देशातलं आहे का?" असं एखाद्या गिऱ्हाइकाने विचारलं की साळसूदपणे म्हणायची, "छे, त्याहून लांबचं. मागच्या खोलीतलं."

असाच एक दिवस गुरगुरराव आला. हे त्याचं नाव नव्हे, आत्याने ठेवलेलं. विमा कंपनीत कारकून, अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक. पण त्याने टर्बोची गाडी घेतली होती आणि त्याला ती गुरगुरायला हवी होती.

"आत्या, पाइप असा करा की पाय दाबला की अख्ख्या गल्लीला कळलं पाहिजे."

"गल्लीने काय करायचं कळून?"

"खिडकीत यायचं!"

आत्याने होकार दिला. कडक पाइप टर्बोचा श्वास दाबून टाकत नाही, त्यामुळे गुरगुर आपसूक वाढणारच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको आली. रुग्णालयात परिचारिका, रात्रपाळी करून डोळे लाल झालेले. बाबा सुटे भाग आणायला गेले होते. ती मागच्या खोलीत येऊन स्टुलावर बसली.

"आत्या, मी सकाळी येऊन अंथरुणाला पाठ टेकते आणि हे गाडी काढतात. आत्ताच उशी कानावर घेते मी. तुमचा पाइप बसल्यावर काय करू? त्यांना सांगू नका, पण आवाज होणार नाही असं काहीतरी करा ना."

"त्याला मोठा हवाय आवाज."

"मला माहितीये. रविवारी मोठा असू दे की. मलाही आवडतो फिरायला जाताना. पण रोज सकाळी नको."

आत्याने तिलाही होकार दिला. मग ती बराच वेळ पाण्याच्या नळाची तोटी उघडझाप करत बसली होती, हे मी पाहिलंय. मला वाटलं, नळ गळतोय.

तिने केलं ते असं. पाइपाच्या पोटाशी, खालच्या बाजूने, मुठीएवढी पोकळ डबी जोडली. पाइपातून डबीत जायला एक भोक, भोकावर फिरणारी चकती, आणि चकतीची दांडी बाहेर एका बोल्टच्या डोक्यासारखी. भोक उघडं असलं की गुरगुर त्या डबीत जाऊन विरते. मूळ गाडीतही असलीच एक डबी असते, म्हणून ती एरवी गप्प असते. भोक मिटलं की गुरगुर मोकळी. नाणं लावून बोल्ट फिरवला की झालं. बाबा बाहेर गेलेले असताना पाइप तिनेच बसवला आणि बायकोला सगळं दाखवलं. नवऱ्याला पाइपाची फक्त वरची बाजू दाखवली, आणि तो ती रोज मऊ फडक्याने पुसत असे. वाकून खाली बघायचं त्याच्या मनातही आलं नाही.

पंधरवडाभराने तो गॅरेजमध्ये आला.

"आत्या, पाइप लहरी आहे हो. रविवारी वाघ, सोमवारी मांजर."

बाबा हातातलं काम सोडून बघायला उठणार, तेवढ्यात आत्या म्हणाली, "कार्बनचा स्वभावच तसा. घरातलं वातावरण बघून वागतो."

"म्हणजे?"

"घरात कुरबुर झाली की घसा बसतो त्याचा."

बाबांना वाटलं ती नेहमीसारखी थट्टा करतेय, ते पुन्हा कामाला लागले. गुरगुररावाने मात्र ते मनावर घेतलं. कारण खरंच तसं होत होतं! बायको खूश असली की ती कधीमधी आठवड्यातही बोल्ट फिरवून ठेवायची. तो चहा करायला लागला. ओला टॉवेल गादीवर टाकेनासा झाला. सासूबाईंना फोन करून त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायला लागला. सासूबाई इतक्या घाबरल्या की त्यांनी मुलीला विचारलं, "याची नोकरी गेली का गं?"

हे असंच चाललं असतं. पण त्याने कचेरीतल्या मित्रांना मैदानावर गाडीची डरकाळी ऐकायला बोलावलं, आणि नेमकं निघताना बायकोच्या नव्या केशरचनेला "झाडू" म्हणाला. ती शांतपणे म्हणाली, "मीही येते." आणि तो किल्ली शोधायला आत गेला तेवढ्यात तिने नाणं काढलं.

मैदानात मित्र ओळीने उभे. त्याने पाय दाबला. गाडी सुसाट गेली, पण आवाज आला तो कुणीतरी गरम चहावर फुंकर मारल्यासारखा. मित्र पोट धरधरून हसले. तो लालबुंद होऊन गाडी, बायको आणि मित्र, सगळ्यांसकट गॅरेजमध्ये आला.

बाबांनी गाडी वर उचलली, खालून दिवा धरला.

"हा बोल्ट कसला? मी नाही लावलेला." त्यांनी तो फिरवला आणि गाडी खाली घेतली. "आता सुरू करा."

गुरगुररावाने पाय दाबला तशी टेबलावरची कपबशी थरथरली. मित्र दचकून मागे सरले. मग सगळ्यांच्या माना मागच्या खोलीच्या दाराकडे वळल्या. दारात आत्या उभी होती.

"ताई," बाबा म्हणाले, "ही कळ तू लावलीस?"

"मी सांगितलं त्यांना," बायको मधेच म्हणाली. "झोप होत नव्हती माझी. तुम्हाला दहादा सांगून पाहिलं, अहो. तुम्ही हसायचात."

गुरगुरराव तिच्याकडे बघत होता. रागावणार असंच वाटत होतं.

"म्हणजे माझ्या वाढदिवसाला बुधवार असून गाडी गुरगुरली, ती..."

"मीच."

"आणि मला वाटलं, गाडीला कळलं."

त्याने वाकून पहिल्यांदाच तो बोल्ट पाहिला. मग त्याचा चेहरा आधी पडला, मग थरथरला, आणि तो असा हसायला लागला की त्या बारीक आवाजाने गाडीलाही मागे टाकलं. शेवटी डोळे पुसत बाबांना म्हणाला, "या कळीला तार जोडून आत आणता येईल का? बसल्या जागी फिरवता येईल अशी?"

"येईल की. कुठे हवी?"

"माझ्या बाजूला," बायको म्हणाली. तिथेच लागली.

सगळे गेल्यावर बाबांनी आत्याला चांगलंच फैलावर घेतलं. गिऱ्हाइकापासून लपवून काही करायचं नाही, पुन्हा असं झालं तर कात्री परत घेईन, वगैरे. आत्याने मान खाली घालून सगळं ऐकलं. तिचे कान लाल झाले होते. त्या संध्याकाळी तिने एकही खोडी काढली नाही, आणि आम्हाला घर उगाच मोठं वाटलं. पण आठवड्याभरात त्या मित्रांपैकी दोघांच्या बायका चौकशीला आल्या, तेही नवऱ्यांना सोबत घेऊन. बाबांनी निमूटपणे साच्यात डबीची जागा कोरली. आता तो पाइप उघडपणे कळीसकट मिळतो, आणि बसवण्याआधी आत्या नवरा-बायको दोघांना समोर बसवून विचारते, कळ कुणाकडे.

गेल्या महिन्यात बाबा चहा पिता पिता थबकले. "माझी गाडी हल्ली फार शांत चालते," ते म्हणाले.

आत्या वर्तमानपत्रात बघत होती. "हो का?"

बाबा उठले. जमिनीवर पोतं अंथरून गाडीखाली शिरले. दुपार कलली तरी त्यांचे फक्त पाय दिसत होते. आत्याने चहा केला, खाली बसून कप गाडीखाली सरकवला.

"सापडलं का काही?"

"नाही."

"मग नीट शोध," आत्या म्हणाली, आणि त्यांचं बिस्किट खात घरात गेली.