रिमोटला हात न लावणारा

निफाडला आईच्या समोरच्या घरात राहणारा तो माणूस मला आवडत नाही, आणि कारण सांगायला लाज वाटते. मालिकांच्या ॲपचं सबस्क्रिप्शन माझं, पासवर्ड माझा, टीव्हीसुद्धा मीच घेऊन दिलेला. पण काही अडलं की आई हाक मारते ती त्याला.

तो द्राक्षबागेतून तसाच येतो, चपला बाहेर काढतो, बस म्हटलं तरी बसत नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून टीव्हीसमोर उभा राहतो, एकेक वाक्य सांगतो आणि आई ते करेपर्यंत थांबतो. नवा टीव्ही दुसऱ्या कंपनीचा, त्यावर आईला लॉगिन जमेना, तेव्हा मी तिथेच होतो, तरी तिने त्यालाच बोलावलं. मी तिच्या हातातून रिमोट ओढला.

"राहू द्या, दादा," तो म्हणाला. "मावशी, घाई नाय. काय लिहिलंय ते वाचा."

आईने स्क्रीनवरचा कोड वाचला, मोबाइलमध्ये टाकला आणि तिची मालिका सुरू झाली. मग ती त्याच्याकडे बघून इतकं छान हसली की मी उगाच पाणी प्यायला आत गेलो.

गेल्या आठवड्यात आई शहरात गंगापूर रोडला माझ्याकडे राहायला आली. माझा टीव्ही तिसऱ्याच कंपनीचा. तो नेमका पुन्हा लॉगिन मागत होता आणि मी चिडून बटणं बडवत होतो. शेवटी मी रिमोट आईपुढे धरला. तिने घेतला नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून ती म्हणाली, "घाई नाही. काय लिहिलंय ते वाच."