न आलेलं गिऱ्हाईक

तिला सगळे चिमटी म्हणायचे. एक तर दागिने घडवायला लागणारी बारीक चिमटी कायम तिच्या अंबाड्यात खोचलेली असायची, आणि दुसरं म्हणजे तिचं बोलणं. जे शोभत नाही ते शोभत नाही, हे ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची. कुणी हौसेनं भलामोठा हार उचलला की म्हणायची, "ठेवा खाली. नाकापेक्षा मोती जड होतोय." बायका रुसायच्या, पण पुन्हा तिच्याकडेच यायच्या. कारण तिनं हो म्हटलेला दागिना घालून बाहेर पडलं, की चार माणसं हमखास मान वळवून बघायची.

चिमटीनं बरीच वर्षं एका मोठ्या पेढीत काम केलं होतं. तिथे एकच नमुना पुन्हा पुन्हा काढायचा, तो कुणाच्या अंगावर जाणार हे कधी कळायचंच नाही. त्याला कंटाळून तिनं स्वतःचं काम सुरू केलं. शिवणकाम करणाऱ्या मावशीच्या दुकानामागची खोली तिला मिळाली. पुढे मावशीची शिलाई मशीन खडखडत असायची, मागे चिमटी चांदी तापवत बसायची. मावशीकडे कपडे शिवायला आलेल्या बायका माप देऊन झालं की तिच्याकडे डोकवायच्या. गळा बंद असेल तर हार कशाला, कानात लांब काहीतरी घाला, मान मोकळी ठेवा. कापड फुलाफुलांचं असेल तर दागिना साधा हवा, दोघं एकदम बोलायला लागले की कुणाचंच ऐकू येत नाही. असं ती सांगत जायची आणि हात चालूच असायचे.

तिचा नियम एकच. जिच्यासाठी घडवायचं, ती बाई आधी समोर उभी राहिली पाहिजे. मान किती, खांदे कसे उतरतात, कानाची पाळी जाड की पातळ, हे बघितल्याशिवाय ती तारेला हात लावायची नाही.

हा नियम मोडायला लावला तो राखाडी कोटातल्या बाईनं.

बाई मागच्या गल्लीतल्या दारानं आली. उतारवयाची, ठेंगणी, कोटाची कॉलर कानापर्यंत चढवलेली. लेकीसाठी कानातलं हवं म्हणाली. चिमटीनं नेहमीप्रमाणे लेकीला घेऊन या म्हणून सांगितलं. बाई म्हणाली, ती लांब असते, तिचं येणं व्हायचं नाही. चिमटी हातातलं काम खाली ठेवून नाही म्हणणारच होती, तेवढ्यात बाईनं आपला तळवा आपल्याच मानेला लावला.

"मान माझ्यासारखी नाही तिची," ती म्हणाली. "तिच्या आत्यावर गेलीय. माझा आख्खा हात मावतो कानापासून खांद्यापर्यंत. पाळी इतकी पातळ की उन्हात लाल दिसते. आणि हसताना मान डावीकडे टाकते."

मग ती बोलतच राहिली. चिमटीनं आजवर समोर उभ्या केलेल्या बायकासुद्धा तिला इतक्या स्वच्छ दिसल्या नव्हत्या. कागद पुढे ओढून ती ऐकता ऐकता रेघा मारायला लागली, आणि नियम मोडलाय हे तिच्या लक्षात आलं तेव्हा लांब डुलांचा नमुना कागदावर तयार होता. वर चांदीचा बारीक थेंब, त्याखाली एक तार, तारेच्या टोकाला पानासारखं काही.

डूल घेऊन गेलेली बाई थोड्या दिवसांनी परत आली. लेकीला फार आवडले म्हणाली. "फक्त डावा जरा जास्त हलतो म्हणते."

चिमटीला राग आला. तिच्या कामात असली खोट कुणी काढत नसे. तिनं डूल टांगून फुंकर मारली. खरंच, डावा जास्त हलत होता. आकडा केसभर सैल राहिला होता. तिनं तो घट्ट केला आणि मनातल्या मनात त्या पोरीला दाद दिली.

तिथून बाईचं येणं वाढलं. कधी साखळी, कधी अंगठी, कधी नुसतंच विचारायला. बंद गळ्याच्या निळ्या ड्रेसवर काय घालावं? हिरवा आहे, खोल गळ्याचा, त्यावर साखळी चालेल का? चिमटी सांगायची आणि बाई ओठ हलवत पाठ करून घ्यायची. हे असं जीव ओतून ऐकणारं गिऱ्हाईक चिमटीला दुसरं नव्हतं. हळूहळू ती काम करताना त्या न पाहिलेल्या मुलीशीच बोलायला लागली. तुला हे जड होईल गं, तुझ्या मनगटाला बारीक कडंच बरं. चिमटीचा नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. जेवताना तो चेष्टेनं विचारायचा, "काय, तुझं न आलेलं गिऱ्हाईक आज काय म्हणतंय?" आणि चिमटी खरंच उत्तर द्यायची.

एक दिवस बाई गल्लीतल्या दारानं बाहेर पडत असताना मावशी सुया मागायला मागच्या खोलीत आली. बाईच्या पाठमोऱ्या कोटाकडे बघून म्हणाली, बरं झालं, बाई सावरली, स्वतःसाठी काही करून घ्यायला लागली. चिमटी म्हणाली, स्वतःसाठी कुठलं, ती सगळं लेकीसाठी नेते. निळ्या बंद गळ्याच्या ड्रेसवर घालायला कडं सांगून गेलीय आत्ताच.

मावशी सुया घ्यायची विसरली.

"तो निळा ड्रेस मीच शिवलाय," ती म्हणाली. "पोरीचं कॉलेज सुरू झालं तेव्हा. अगं, ती पोर गेली. सहलीची बस पुलावरून खाली गेली, त्यात. किती वर्षं झाली त्याला."

चिमटीच्या हातात त्या कड्याची अर्धी वाकवलेली तार होती. ती टाकून द्यावीशी वाटली, पण बोटं उघडेनात. तिला आठवलं ते एकच. डावा जरा जास्त हलतो म्हणते.

त्यानंतर दोन-तीन दिवस ती रागातच होती. आपल्याला फसवलं, असं ती नवऱ्याला पुन्हा पुन्हा सांगत राहिली. तो म्हणाला, तुला खोटं असं तिनं काय सांगितलं? लांब असते म्हणाली. शेवटी तिनं कडं पुरं केलं आणि ते हातात देऊन हा व्यवहार संपवायचा, असं ठरवून मावशीकडून पत्ता घेतला आणि ती भर दुपारी बाईच्या घरी गेली.

दार बाईच्या नवऱ्यानं उघडलं. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेला, हळू आवाजाचा म्हातारा. बाई बाहेर गेली होती. चिमटीनं आपण कोण ते सांगितलं, तसा तो तिला आतल्या खोलीकडे घेऊन गेला आणि स्वतः उंबऱ्याशीच थांबला.

खोलीत एक पलंग, एक आरसा, आणि भिंतीला लावलेल्या दांडीवर ओळीनं कपडे. प्रत्येक कपड्यावर चिमटीनं सांगितलेला दागिना. हिरव्यावर साखळी, ती बरोबर खोल गळ्याच्या दोन बोटं वर. निळ्याच्या खांद्यांच्या वर दांडीला दोरा बांधून डूल सोडले होते, कान जिथे असतील तिथे. आपण बोलत गेलो आणि त्या शब्दांना असं अंग फुटत गेलं, हे बघून चिमटीच्या अंगावर काटा आला. खिडकी बंद होती. उजवा डूल स्थिर होता. डावा हलत होता.

तिनं म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो तिकडे बघत नव्हता.

"तुम्ही जे सांगता ते ती इथे येऊन तिला सांगते," तो म्हणाला. "तेवढा वेळ बोलते. बाकी आमच्या घरात कोण कुणाशी बोलतंय?"

"मग मी काय करू? बंद करू का हे सगळं?"

"मला नका विचारू," म्हातारा म्हणाला. "मी बाहेर बसून ऐकत असतो."

चिमटीनं कडं निळ्या ड्रेसच्या बाहीत अडकवलं आणि बाहेर पडली. व्यवहार काही संपला नाही. पुढच्या वेळी बाई आली तेव्हा तिनं विचारलं, मनगटाला सैल तर होत नाही ना? बाई म्हणाली, अगदी बरोबर बसलंय. दोघींपैकी कुणीच एकमेकींकडे पाहिलं नाही.

मात्र त्या दिवसापासून मुलगी दुकानात वावरायला लागली. दिसायची नाही, पण असायची. चिमटी एखाद्या गिऱ्हाइकाच्या कानाशी डूल धरून आरशात बघायची आणि तिची नजर त्या बाईच्या मानेच्या जरा वर, जरा डावीकडे जायची. तार कापताना हात आपोआप त्या डुलांच्याच लांबीवर थांबायचा. गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. एका लठ्ठ, हसऱ्या बाईनं गळ्यातली नवी साखळी काढून शांतपणे टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "छान आहे. पण ही तुम्ही दुसऱ्याच कुणासाठी केलीय." मावशीच्या हे कानावर गेलं. तिनं चिमटीला चांगलंच फैलावर घेतलं.

"जिवंत बायकांच्या गळ्याकडे बघ जरा," मावशी म्हणाली. "त्या काय कमी आहेत?"

चिमटीला ते पटत होतं. पण बघायला गेलं की मध्ये ती असायची.

असंच काही महिने गेले. मग एका दुपारी राखाडी कोटातली बाई आली ती कॉलर खाली करून. तिच्या कानात ते लांब डूल होते. ती थेट आरशासमोर जाऊन उभी राहिली. हातात एक कापडी पिशवी होती.

"शोभतात का मला?" तिनं विचारलं.

आखूड मान. पानं थेट खांद्यावर टेकलेली, एक तर कोटाच्या धाग्यात अडकलं होतं. चिमटीच्या जिभेवर खोटं येऊन थांबलं. शोभतात म्हटलं असतं तर बाई ते घालून आयुष्यभर हिंडली असती. नाही म्हटलं तर काय होईल, ते चिमटीला सांगता येत नव्हतं. पण या खोलीत ती इतर कुठल्याही बाईशी जशी वागली असती, तशीच वागायची हिच्याशी वेळ आली होती.

"नाही," ती म्हणाली. "तुम्हाला नाही शोभत."

बाईनं धाग्यात अडकलेलं पान सोडवलं. मग म्हणाली, "मलाही तेच वाटलं. तिलाच शोभले असते."

इतक्या दिवसांत बाई लेकीबद्दल असं पहिल्यांदाच बोलली होती. आजवर ती म्हणते, तिला आवडतं, तिला होतं, असंच चाललेलं.

बाईनं डूल काढले, पिशवी टेबलावर रिकामी केली. साखळी, अंगठी, कडं, सगळं होतं. "यातून मला शोभेल असं कर काहीतरी."

"मोडावं लागेल. वितळवल्यावर परत आणता येणार नाही."

"ठाऊक आहे. मी इथेच बसते."

चिमटीनं चांदी वितळवायची मूस तापवली. कडं गेलं, साखळी गेली. डुलांची वेळ आली तेव्हा बाईनं चिमटीच्या एप्रनचं टोक मुठीत धरलं आणि धरूनच ठेवलं. चांदी लगेच वितळत नाही. पानाचा आकार बराच वेळ तसाच राहतो, लालभडक, आता काही होत नाही असं वाटावं इतका. मग एकाएकी हात सोडून दिल्यासारखा ढासळतो. दोघींनी ते पाहिलं. बाईच्या तोंडून एक आवाज निघाला, फार मोठा नाही. मुठीतलं टोक मात्र सुटलं.

नंतर चिमटीनं तिला उजेडात उभं केलं. खांदे पाहिले, रुंद गाल पाहिले, कानाची जाडसर पाळी पाहिली. आखूड मानेला लोंबतं काही नको, पाळीला चिकटून बसेल असं गोल, भरीव कानातलं हवं, असं सांगितलं.

"आणि हा कोट सोडा," ती म्हणाली. "राखाडीत तुम्ही दिसतच नाही."

बाई हसली. हसताना तिचीही मान डावीकडे झुकली. आत्यावर गेलेल्या मुलीनं एवढं आईकडून घेतलं होतं.

बाई खरंच सावरली. लेकीच्या कपड्यांतले काही मावशीनं उसवून बाईच्या भाच्यांच्या मापाचे करून दिले. बाई आता बाजारात भेटते ती गडद लाल ड्रेसमध्ये, कानात ते गोल कानातलं. चिमटीची विचारपूस करते, म्हाताऱ्याच्या तक्रारी सांगते आणि पुढे जाते. मागच्या दारानं मात्र ती परत कधी आली नाही.

आली नाही ती एकटी आई. मुलगी इथेच राहिली.

चिमटीनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, चष्मा काढल्यावरही थोडा वेळ नाकावर असल्यासारखा वाटतो, जाईल. ते गेलं नाही. गिऱ्हाइकांची मापं आता चिमटी पुन्हा नीट घेते, त्यांच्या तक्रारी थांबल्यात, काम वाढलंय. पण समोरच्या बाईचं आटोपत आलं की मागे कुणीतरी आपल्या पाळीची वाट बघत उभं आहे, असं तिला वाटतं. पहिल्यांदा ती दचकायची. आता दचकत नाही. दुकान बंद करताना दिवा घालवण्याआधी जरा थांबते, एवढंच.

मध्यंतरी एक माणूस लेकीसाठी कानातलं करायला आला. लेक कुठे आहे विचारलं तर म्हणाला, ती येऊ शकत नाही. चिमटीच्या हातातली पक्कड खाली पडली.

"का येऊ शकत नाही?"

तो गडबडला. "परीक्षा आहे तिची."

चिमटी स्टुलावर बसली आणि पाणी प्यायली. मग त्याला म्हणाली, परीक्षा संपल्यावर घेऊन या, मी थांबते.

ती मुलगी आली. आखूड मानेची, बडबडी. हे जड आहे, ते म्हाताऱ्या बायकांचं आहे, हे टोचतंय, असं म्हणत तिनं निम्मं दुकान नापास केलं. बाप ओशाळला होता. चिमटीला मात्र तिची एकेक तक्रार गोड लागत होती. अखेर एक जोड तिच्या पसंतीला उतरला. मुलगी आरशासमोर आली, तशी तिला जागा द्यायला चिमटी बाजूला झाली. आणि मग सवयीनं, अजून एकीला जागा होईल इतकी, आणखी थोडी सरकली.